हिब्रू काव्य आणि गूढ ज्ञानाचा शोध

ज्या ग्रंथाला लोक पवित्र मानतात त्याला दोन प्रकारचे वाचक भेटतात. पहिला वाचक ग्रंथांत काय लिहिलें आहे तें पाहतो. दुसऱ्याचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. जें लिहिलेलें दिसतें त्याच्या खालीं आणखी कांहीं तरी दडलेलें असलेंच पाहिजे, अशी त्याची खात्री असते. यहुदी लोकांच्या हिब्रू शास्त्राला हा दुसरा वाचक फार मोठ्या संख्येनें लाभला, आणि त्यांतही त्या शास्त्रांतील काव्यभागाला विशेष. स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रें, ईयोब, विलापगीत, गीतरत्न हीं पुस्तकें आणि यशया-यिर्मयासारख्या संदेष्ट्यांचीं बरींचशीं वचनें मुळांत पद्यांत आहेत. मराठी बायबलाच्या वाचकांना हीं नांवें परिचयाचीं आहेत. हें काव्य एका काळीं किंवा एका हातानें रचलेलें नाहीं. गेलीं दोन हजार वर्षें विद्वान, साधक आणि हौशी मंडळी त्यांत गुप्त ज्ञान हुडकीत आलीं आहेत. त्यांच्या हातीं काय लागलें, आणि तें कोठें लागलें, हें पाहण्यासारखें आहे.

हा शोध हिब्रूंतच इतका कां फोफावला, याला त्या लिपीचें स्वरूप बरेंच कारण आहे. हिब्रू वर्णमालेंत अक्षरें बावीस, आणि तीं सारीं व्यंजनें. स्वर वाचणाऱ्यानें आपल्या मनानें घालावयाचे. द, ब, र हीं तीन अक्षरें एका रीतीनें वाचलीं तर 'शब्द' असा अर्थ होतो. दुसऱ्या रीतीनें वाचलीं तर 'मरी', म्हणजे रोगाची सांथ. परंपरेनें चालत आलेला उच्चार टिकावा म्हणून इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान गालील समुद्राकांठच्या तिबिर्या नगरांतील पंडितांनीं अक्षरांच्या खालींवर स्वरचिन्हें बसविलीं. त्यांना मासोरा-पंडित म्हणतात. त्यापूर्वीं व्यंजनांचा नुसता सांगाडाच वाचकापुढें असे. आणि ज्या सांगाड्यावर निरनिराळें मांस चढवितां येतें त्यांत दुसरा अर्थ शोधण्याचा मोह कोणाला होणार नाहीं?

दुसरी गोष्ट अंकांची. हिब्रूंत पुढें अक्षरेंच अंक म्हणून वापरण्यांत येऊं लागलीं. पहिलें अक्षर म्हणजे एक, दहावें म्हणजे दहा, अकरावें वीस, याप्रमाणें शेवटचें चारशें. अर्थात् प्रत्येक शब्द ही एक मांडून ठेवलेली बेरीजच झाली. या बेरजांवरून अर्थ काढण्याच्या विद्येला गेमॅत्रिया म्हणतात. 'यायिन' म्हणजे द्राक्षारस. त्याच्या अक्षरांची बेरीज १०, १० आणि ५० मिळून ७०. 'सोद' म्हणजे गुपित. त्याची बेरीज ६०, ६ आणि ४ मिळून तीही ७०. यावरून तालमूद ग्रंथांत अशी एक कोटी केलेली आहे कीं, द्राक्षारस आंत गेला म्हणजे गुपित बाहेर पडतें. कोटी सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु तींतील शहाणपण बेरजेंतून निघालेलें नाहीं. मद्यप्याशीं ज्याची कधीं गांठ पडली असेल त्याला तें आधींच ठाऊक असतें. बेरीज जुळणाऱ्या शब्दांच्या जोड्या भाषेंत असंख्य निघतील. त्यांतील मनाजोगी तेवढी उचलली जाते, बाकीच्या तशाच राहतात. आडांत आधीं पोहऱ्यानें पाणी ओतावें आणि मग तेंच शेंदून काढून झरा लागला म्हणावें, तशांतला हा प्रकार आहे.

हीच हौस विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या साहाय्यानें पुन्हां उफाळली. १९९४ सालीं डोरॉन विट्झटम, एलियाहू रिप्स आणि योआव रोझेनबर्ग यांनीं 'स्टॅटिस्टिकल सायन्स' या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. उत्पत्तीच्या पुस्तकांतील अक्षरें सलग मांडून ठराविक अंतरानें एकेक अक्षर उचलीत गेल्यास, पुढें कित्येक शतकांनीं होऊन गेलेल्या राब्बींचीं नांवें आणि त्यांच्या जन्माच्या वा मृत्यूच्या तिथी एकमेकांजवळ सांपडतात, असा त्यांचा दावा होता. १९९९ सालीं ब्रेंडन मॅके, ड्रोर बार-नातान, माया बार-हिलेल व गिल कलाय या चौघांनीं त्याच नियतकालिकांत त्याचें खंडन केलें. नांवें व तिथी कोणत्या रूपांत लिहावयाच्या याची निवड थोडीशी बदलली कीं चमत्कार नाहींसा होतो, असें त्यांनीं दाखविलें. मॅके यांनीं तर 'मोबी डिक' या इंग्रजी कादंबरींतून याच रीतीनें पुढाऱ्यांच्या खुनांचीं 'भाकितें' काढून दिलीं. उत्पत्तीचें पुस्तक बहुतांशीं गद्य आहे, तेव्हां काव्याशीं या वादाचा संबंध दूरचाच. पण खोड तीच.

यावरून हिब्रू कवींनीं आपल्या रचनेंत कांहींच दडविलें नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. त्यांनीं पुष्कळ खुबी योजिल्या आहेत. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेम घेतलें, मंदिर जाळलें आणि लोकांना धरून नेलें. त्या विनाशावर विलापगीताच्या पांच कविता आहेत. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या कवितेंत बावीस-बावीस कडवीं असून प्रत्येक कडवें वर्णमालेंतील क्रमानें येणाऱ्या अक्षरापासून सुरू होतें. तिसरींत प्रत्येक अक्षर तीन वेळां येतें, म्हणून वचनें छासष्ट. पांचवींत वचनें बावीसच, पण अक्षरांचा क्रम मुळींच नाहीं. ज्याचें सर्वस्व गेलें त्यानें आपला आक्रोश 'आलेफ'पासून 'ताव'पर्यंत अक्षरांच्या पायऱ्यांनीं कां न्यावा? एक कारण पाठांतराच्या सोयीचें. दुसरें असें कीं, ज्या दुःखाला अंत दिसत नाहीं त्याला निदान वर्णमालेचा तरी कांठ मिळतो. शेवटच्या कवितेंत तो कांठही सुटतो. हें शेवटचें अनुमान आहे, पण कविता ओळीनें वाचणाऱ्याला तें पटल्यावांचून राहत नाहीं.

याच कवितांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. हिब्रू वर्णमालेंत 'आयिन' हें अक्षर आधीं व 'पे' मागून येतें. पण विलापगीताच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या कवितेंत 'पे' आधीं आलें आहे. 'आयिन' या नांवाचा अर्थ डोळा आणि 'पे' म्हणजे तोंड. तालमूदाच्या पंडितांनीं याचें मर्म असें सांगितलें कीं, मोशेनें कनान देशांत पाठविलेल्या हेरांनीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें तें तोंडानें सांगितलें; त्या पापाची ही खूण आहे. हा अर्थ किती नेमका बसतो! पाहण्यापूर्वीं बोलणें हा दोष सर्व काळीं आहेच. परंतु १९७६ सालीं इस्राएलांत इज्बेत सार्ता या ठिकाणीं एक खापर सांपडलें. ख्रिस्तपूर्व बाराव्या-अकराव्या शतकांतील कोणी तरी त्यावर वर्णमाला गिरवली आहे, आणि तींत 'पे' हें 'आयिन'च्या आधीं आहे. सिनायच्या वाळवंटांत कुंतिल्लेत अज्रूद येथें सांपडलेल्या वर्णमालाही तशाच आहेत. म्हणजे एके काळीं हा क्रमही चालत असे. कवीनें आपल्याला शिकविलेल्या क्रमानें अक्षरें लावलीं. पंडितांनीं उपदेश चांगला केला, पण तो त्यांचा स्वतःचा होता.

खऱ्या सांकेतिक लिपीचेंही एक उदाहरण यिर्मयाच्या पुस्तकांत आहे. तेथें दोन ठिकाणीं 'शेशख' नांवाच्या राज्याचा उल्लेख येतो. अशा नांवाचें राज्य नकाशांत सांपडत नाहीं. वर्णमालेंतील पहिल्या अक्षराऐवजीं शेवटचें, दुसऱ्याऐवजीं शेवटून दुसरें, अशी अदलाबदल करण्याची एक युक्ति होती. तिला आतबाश म्हणतात. त्या युक्तीनें 'ब'चा 'श' होतो आणि 'ल'चा 'ख' अथवा 'क' होतो. हिब्रूंत हीं दोन्ही एकाच अक्षराचीं रूपें आहेत. तेव्हां 'बाबेल' या शब्दाचें 'शेशख' झालें. जुलमी बाबेलच्या भीतीनें कवीनें हें नांव झांकलें, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. गंमत अशी कीं, एक्कावन्नाव्या अध्यायांत ज्या वचनांत 'शेशख' आहे त्याच वचनाच्या दुसऱ्या अर्धांत 'बाबेल' हें नांव उघड घातलेलें आहे. कुलूप लावून किल्ली त्याच खुंटीला अडकवून ठेवणाऱ्याला चोराचें भय होतें असें म्हणवत नाहीं. ही शब्दांची थट्टा असावी, किंवा शत्रूचें नांव उलटेंपालटें करून त्याची विटंबना करण्याचा हेतु असावा.

येथें 'वचनाचा दुसरा अर्ध' असा शब्दप्रयोग आला. हिब्रू काव्याचें खरें मर्म या दोन अर्धांतच होतें, आणि तेंच शतकानुशतकें नीट ओळखलें गेलें नाहीं. संदेष्ट्यांचीं पद्यें हस्तलिखितांत गद्यासारखीं सलग लिहिलीं जात. हिब्रू काव्यांत नियमित यमक नाहीं, अक्षरगणवृत्तही नाहीं. तरीही ग्रीकांचीं वृत्तें त्यांत असलींच पाहिजेत अशा समजुतीनें पहिल्या शतकांतील यहुदी इतिहासकार जोसेफस यानें मोशेचें गीत ग्रीकांच्या षड्गणी वृत्तांत असल्याचें लिहिलें. ऑक्सफर्ड येथें काव्याचा प्राध्यापक असलेल्या रॉबर्ट लाउथ यानें १७४१ पासून लॅटिन भाषेंत या विषयावर व्याख्यानें दिलीं. तीं १७५३ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. लाउथ म्हणाला कीं, या काव्यांत एका ओळीचा विचार दुसऱ्या ओळीच्या विचाराशीं जुळतो. आपल्या ओवींत जसें ध्वनीचें यमक, तसें येथें विचाराचें यमक. कोठें दुसरी ओळ पहिलीच गोष्ट वेगळ्या शब्दांनीं सांगते, कोठें तिच्या उलट सांगते, तर कोठें ती पुढें नेते. सोळाव्या शतकांत इटलींतील यहुदी पंडित अझारिया दे रोस्सी यानें या दिशेनें एक पाऊल टाकलें होतें, आणि लाउथनें त्याचें ऋण मानलें आहे.

ही रीत मराठींत बनविलेल्या एखाद्या वाक्यानें सहज समजेल. 'गांव ओस पडला. पाटलाच्या उंबऱ्यावर गवत उगवलें,' असें कोणी म्हटलें, तर दोन्ही अर्धांत एकच वार्ता आहे असें वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण पहिल्या अर्धांत बातमी आहे, दुसऱ्यांत तिचें चित्र. शिवाय गांवांत सर्वांच्या मागून घर सोडणारा तो पाटील. त्याच्याच उंबऱ्यावर गवत उगवलें, तर बाकीच्यांची काय दशा झाली असेल हें कवीनें न सांगतां ऐकणाऱ्याला कळतें. दोन अर्धांच्या मधल्या जागेंत जें सांगितलें जातें तें शब्दांत कोठेंच नाहीं. लाउथच्या मागून आलेल्या पुष्कळ अभ्यासकांनीं दुसरा अर्ध ही नुसती पुनरुक्ति समजून सोडून दिली. १९८१ सालीं जेम्स कूगेल यानें आणि १९८५ सालीं रॉबर्ट ऑल्टर यानें हें मत मोडून काढलें. दुसरा अर्ध नेहमीं कांहीं तरी अधिक आणतो, बातमीला धार लावतो, असें त्यांनीं दाखवून दिलें.

ही रीत हिब्रूंचीच नव्हती. १९२८ सालीं सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथील टेंकाडाजवळ एका शेतकऱ्याच्या नांगराला पुरातन थडगें लागलें, आणि पुढच्या वर्षीं क्लोद शेफर यांच्या देखरेखीखालीं उत्खनन सुरू झालें. तेथें उगारित हें प्राचीन नगर निघालें. तें ख्रिस्तपूर्व बाराव्या शतकाच्या आरंभीं नष्ट झालें होतें. तेथील मातीच्या विटांवर कोरलेली तीस चिन्हांची लिपि १९३० सालीं उलगडली. त्या विटांवरील देवकथांत हेंच विचारांचें यमक आढळलें, आणि शब्दांच्या कित्येक जोड्याही त्याच. जे हिब्रू काव्यांत देवाची गुप्त खूण शोधीत होते त्यांना हें कडू वाटलें असेल. पण कवीला आपल्या मुलुखाची रीत वारशानें मिळाली होती, यांत कमीपणा कसला?

या रीतीनें खरोखर गूढ असें काय सांगतां येतें याचा नमुना नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायांत आहे. तेथें कवि न उमगणाऱ्या चार वाटा सांगतो: आकाशांत गरुडाची, खडकावर सापाची, भर समुद्रांत गलबताची आणि तरुणीजवळ पुरुषाची. एवढें सांगून तो थांबतो. या चारांत सारखेपणा काय, हें तो सांगत नाहीं. मागें माग राहत नाहीं म्हणून? कीं आधाराशिवाय गति दिसते म्हणून? हिब्रूंत कोड्याला 'हिदा' म्हणतात आणि दृष्टांताला किंवा म्हणीला 'माशाल'. या पुस्तकाच्या आरंभींच हे दोन्ही शब्द येतात. असल्या कोड्याला बेरीज-वजाबाकीची किल्ली लागत नाहीं. ऐकणाऱ्यानें गरुड पाहिलेला असावा लागतो.

आतां ईयोबाकडे वळलें पाहिजे, कारण गूढ ज्ञानाच्या शोधाची खरी परीक्षा त्या पुस्तकांत झाली आहे. ईयोब हा सज्जन आणि सधन मनुष्य. त्याचीं गुरेंढोरें जातात, मुलेंबाळें मरतात, अंगभर गळवें उठतात, आणि तो राखेंत बसतो. अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन मित्र भेटावयास येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसून राहतात. तेवढें त्यांचें वागणें उत्तम होतें! मग ते बोलूं लागतात, आणि तिघांचें म्हणणें एकच: देव न्यायी आहे, तेव्हां एवढ्या दुःखाच्या मुळाशीं ईयोबाचें एखादें गुप्त पाप असलेंच पाहिजे. दिसत नाहीं तें शोधण्याचा हाही एक प्रकार झाला. दिसणाऱ्या जखमेखालीं न दिसणारें कारण ते ठरवितात, आणि पुरावा नसल्यामुळें शेवटीं अलीफज तो बनवितो: विधवांना रित्या हातांनीं लावलें, भुकेल्याला अन्न दिलें नाहीं, असे आरोप तो त्या दुःखी मनुष्यावर करतो. कथेच्या अखेरीस देवाचा कोप ईयोबावर होत नाहीं, या मित्रांवर होतो.

त्या पुस्तकाची भाषा हिब्रू शास्त्रांत सर्वांत कठीण. दुसरीकडे कोठेंही न येणारे शंभराहून अधिक शब्द तींत आहेत. अठ्ठाविसाव्या अध्यायांत वादविवाद मध्येंच थांबून एक स्वतंत्र कविता येते. ती मागाहून तेथें बसविली असावी असें पुष्कळ विद्वान मानतात. तिचा विषय खाण. मनुष्य जमिनीच्या पोटांत शिरतो, अंधाराला हटवितो, वस्तीपासून दूर दोरांवर लोंबकळतो, डोंगर मुळापासून उलथतो, रुपें, सोनें, लोखंड, तांबें, नीलमणि काढतो. ज्या वाटेवर ससाण्याची दृष्टि पडली नाहीं त्या वाटेनें तो जातो. दडलेली वस्तु उजेडांत आणण्याचें मनुष्याचें सामर्थ्य इतक्या आवडीनें दुसऱ्या कोणत्याही हिब्रू कवीनें वर्णिलेलें नाहीं. आणि मग प्रश्न येतो, ज्ञान कोठें सांपडेल? खोल डोह आपल्याजवळ नाहीं म्हणतो, समुद्रही नाहीं म्हणतो. सोनें तोलून तें मिळत नाहीं. त्याचा ठाव एका देवालाच ठाऊक, आणि मनुष्याच्या वांट्याला देवाचें भय धरणें व वाईटापासून दूर राहणें एवढेंच येतें. उत्तर साधें आहे. कित्येकांची निराशाही होते. पण ईयोबाच्या मित्रांना तेवढें पुरलें असतें तर राखेंत बसलेल्या मनुष्याला आणखी जखमा झाल्या नसत्या.

विचारांचें यमक भाषांतरांतही टिकतें, हा या काव्याला लाभलेला मोठाच फायदा आहे. म्हणूनच पंडिता रमाबाई यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत केलेलें आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालेलें बायबल वाचणाऱ्यालाही दोन अर्धांचा तो झोंका जाणवतो. अक्षरांच्या खुबी मात्र भाषांतरांत सगळ्या गळून पडतात. त्या कळण्यास हिब्रूच शिकावी लागते. कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजांत हिब्रूचें ज्ञान लोपत चाललें होतें, त्या वेळीं, १८३२ सालीं, मुंबईस जॉन विल्सन यांनीं त्यांच्या उपयोगासाठीं हिब्रू व्याकरणाचीं मूलतत्त्वें मराठींतून छापलीं. हें पुस्तक हातीं घेऊन जो स्तोत्रसंहितेंतील एकशें पंचेचाळिसाव्या स्तोत्रापर्यंत पोहोंचला असेल त्याला तेथें एक कोडें भेटलें असेल.

तें स्तोत्र वर्णानुक्रमी आहे; प्रत्येक अक्षराला एक वचन. पण वचनें एकवीसच. 'नून' हें चौदावें अक्षर गाळलेलें आहे. तिसऱ्या शतकांतील राब्बी योहानान यांनीं सांगितलें कीं, आमोस संदेष्ट्याच्या ज्या वचनांत इस्राएल पडली असें म्हटलें आहे तें वचन 'नून'नें सुरू होतें. तें अमंगळ अक्षर दाविदानें टाळलें. दुसऱ्या एका पंडितानें पुष्टि जोडली कीं, म्हणूनच लगेच पुढच्या 'सामेख'च्या वचनांत देव पडणाऱ्यांना सांवरतो असें आलें आहे. गळलेल्या जागेलाही अर्थ देणारें हें स्पष्टीकरण फार हृद्य आहे. १९५६ सालीं मृत समुद्राकांठच्या कुम्रान येथील अकराव्या गुहेंत स्तोत्रांची एक मोठी गुंडाळी सांपडली. ती पहिल्या शतकांतील असून जेम्स सँडर्स यांनीं ती १९६५ सालीं प्रसिद्ध केली. तींत 'नून'चें वचन आहे. जुन्या ग्रीक व सुरियानी भाषांतरांत आणि डब्लिन येथील एका मध्ययुगीन हिब्रू हस्तलिखितांतही तें होतेंच. तेव्हां नकलकाराच्या डोळ्यांतून एक ओळ निसटली, असें बऱ्याच विद्वानांना वाटलें. पण कुम्रानच्या त्या वचनांत देवाचें जें नांव आहे तें स्तोत्रांतील इतर वचनांतल्या नांवाहून वेगळें आहे, आणि त्याचा उत्तरार्ध पुढच्या एका वचनाची नक्कल दिसतो. यावरून कित्येकांचा तर्क असा कीं, गळलेली जागा सहन न होऊन कोणी तरी मागाहून ती भरून काढली असावी. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

नव्या भाषांतरांपैकीं कांहींत तें वचन कंसांत छापतात, कांहींत तळटीपेंत. यहुदी लोकांच्या नित्य प्रार्थनेंत हें स्तोत्र सकाळीं दोनदां व दुपारीं एकदां म्हणण्याचा प्रघात आहे. मुंबईच्या आणि कोंकणच्या बेने इस्राएल मंडळींच्या प्रार्थनेंतही तें येतें. तेथें 'मेम'च्या मागून एकदम 'सामेख' म्हणतात.